पुढचं चाक ब्रेक सोडत नाही? पॅड काढण्याआधी निपल उघडा

ब्रेकवरून पाय काढला तरी पुढचं एक चाक घासत राहतं. रिम तापते, अ‍ॅव्हरेज पडतं, सपाट रस्त्यावर न्यूट्रलला गाडी लवकर थांबते. मग गॅरेजमध्ये चाक निघतं, स्क्रू-ड्रायव्हर घालून पिस्टन (पॅड डिस्कवर दाबणारा दट्ट्या) मागे ढकलला जातो, पॅडला पॉलिश पेपर मारला जातो, दिसेल तिथे ग्रीस लागतं. चाक मोकळं फिरतं, सगळे खूश. आठ-पंधरा दिवसांनी तेच चाक पुन्हा गरम.

गोंधळ होतो तो क्रमात. पिस्टन मागे ढकलला की चाक मोकळं होणारच, दोष कुठेही असो. पण त्या एका ढकलण्यात पुरावाही पुसला जातो. हा दोष रंगेहाथच पकडावा लागतो. म्हणजे चाक घासत असतानाच ठरवायचं, की ब्रेक ऑइलचा दाब अडकलाय की एखादा भाग जाम आहे. ते ठरेपर्यंत कॅलिपरचा (पिस्टन आणि पॅड ज्यात बसतात त्या भागाचा) एकही बोल्ट सोडायचा नाही.

इथे गृहीत धरलेली गाडी म्हणजे वॅगनआर, स्विफ्ट, आय-टेन या वर्गातली छोटी हॅचबॅक. पुढे डिस्क, मागे बहुतेक ड्रम, आणि पुढच्या प्रत्येक चाकाला एका पिस्टनचा, दोन पिनांवर सरकणारा कॅलिपर. निपल म्हणजे या कॅलिपरवरचा, ब्रेक ऑइल बाहेर सोडायचा छोटा पोकळ स्क्रू.

१. किती घासणं चालतं, ते आधी समजून घ्या

डिस्क ब्रेकच्या पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती चौकोनी छेदाचं रबरी सील असतं. ब्रेक दाबल्यावर ते पिस्टनबरोबर किंचित पिळलं जातं, आणि पाय काढल्यावर सरळ होताना पिस्टनला मिलिमीटरच्या छोट्याशा अंशाने मागे घेतं. बस्स, एवढीच जागा सुटते. त्यामुळे चाक हाताने फिरवताना हलकी ‘सर्र’ अशी घासट ऐकू येणं हा दोष नाही. शिवाय पुढच्या चाकाबरोबर ड्राइव्ह शाफ्ट आणि गिअरबॉक्सचा काही भागही फिरतो, म्हणून ते मागच्या चाकासारखं भिरभिर फिरत नाही.

दोष म्हणायचा तो असा: एका हाताने चाक फिरत नाही, किंवा दोन बाजूंत उघड फरक आहे, किंवा थंड असताना मोकळं फिरणारं चाक गाडी चालून आल्यावर जड होतं. तिसरा प्रकार सगळ्यांत जास्त फसवतो, कारण गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवली की सकाळी चाक शहाण्यासारखं फिरतं.

२. तयारी

हाताशी असू द्या: जॅक आणि त्याशिवाय वेगळा स्टँड, मागच्या चाकांना लावायला लाकडी ठोकळे, निपलच्या मापाचा रिंग पाना, निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी, बाटली, डोळ्यांना गॉगल, ब्रेक क्लीनर, वायर ब्रश, बारीक कानस, कॅलिपर पिनसाठीचं सिलिकॉन ग्रीस, सी-क्लॅम्प, टॉर्क पाना, सीलबंद डब्यातलं नवं ब्रेक ऑइल. लांबून तापमान दाखवणारी इन्फ्रारेड गन आणि बॅगा तोलायचा लटकता डिजिटल काटा मिळाला तर उत्तम. आणि पेडल दाबायला एक माणूस, जो सांगितल्याशिवाय पाय हलवणार नाही.

निपल गंजलेला दिसत असेल तर आदल्या दिवशीच त्याच्या बुडाशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. ऐन तपासात निपल मोडला तर पुढचं सगळं अडतं.

डब्यावर डॉट ३ की डॉट ४ (ब्रेक ऑइलची प्रत) हे बघून घ्या, गाडीच्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर कोणतं हवं ते लिहिलेलं असतं. डॉट ५ हे सिलिकॉनवर आधारलेलं वेगळं तेल आहे, ते यात मिसळायचं नाही.

सावधान: नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हात घालायचा नाही. पॅडची भुकटी हवेच्या प्रेशरने उडवायची नाही, जुन्या किंवा स्वस्त पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने किंवा ओल्या फडक्याने ती खाली बसवा.

३. आधी गाडी चालवा, मग मापा

मोकळ्या, शक्यतो सपाट रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर चालवा. शेवटचे दोन किलोमीटर ब्रेकला जवळजवळ हात लावायचा नाही, वेग आधीपासून कमी करत गाडी स्वतःहून थांबू द्यायची. घाट उतरून आल्या आल्या मापलेल्या आकड्यांना अर्थ नसतो. कसारा किंवा खंबाटकी उतरलेल्या गाडीच्या दोन्ही डिस्क तापलेल्याच असणार.

थांबल्यावर चारही चाकांचं तापमान घ्या. चकचकीत डिस्कवर इन्फ्रारेड गन कमी आकडा दाखवते, म्हणून प्रत्येक चाकावर एकाच जागी, शक्यतो डिस्कच्या मधल्या मळकट भागावर मापा. खरा आकडा किती, हे महत्त्वाचं नाही. डाव्या-उजव्यातला फरक महत्त्वाचा. फरक पंचवीस-तीस अंशांच्या वर आणि दोन फेऱ्यांत तसाच राहिला, तर मी ती बाजू दोषी धरतो. गन नसेल तर रिमजवळ हात धरून अंदाज घ्या. डिस्कला हात लावू नका.

आता आकड्यांचा नकाशा वाचा:

- एकच पुढचं चाक गरम: कॅलिपर, पिन, पॅड किंवा त्या चाकाचा होज पाइप (कॅलिपरकडे तेल नेणारा रबरी पाइप).
- दोन्ही पुढची, किंवा चारही गरम: पेडल, बूस्टरचा (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याचा) पुशरॉड, मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने तेलावर दाब आणणारा भाग).
- पुढचं डावं आणि मागचं उजवं (किंवा उलट) गरम: या वर्गातल्या गाड्यांत ब्रेकच्या लाइन बहुधा तिरक्या जोडलेल्या असतात. म्हणजे मास्टरच्या एका कप्प्यात दाब अडकतोय. हे लक्षात न आल्याने पुढचा कॅलिपर फुकट बदलला जातो.

सावधान: चाकातून धूर किंवा जळका वास येत असेल तर ही चाचणी करायची नाही. गाडी बाजूला घ्या आणि थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतलं तर ती वाकते किंवा तडकते. तेल उकळलं असेल तर पेडल खाली बसेल, अशी गाडी टो करूनच न्यावी.

४. चाक उचला आणि जडपणा मोजा

ब्रेक गरम असतानाच हे करायचं. हँडब्रेक ओढा, तो मागच्या चाकांवर असतो. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, गिअर न्यूट्रल करा. संशयित चाक उचला, स्टँड लावा, हाताने फिरवा.

टायरभोवती दोरी गुंडाळून तिचं टोक लटकत्या काट्याला बांधा आणि सावकाश ओढा. चाक सुटतानाचा झटका सोडून द्या, संथ फिरतानाचा आकडा लिहून ठेवा. पुढे पॅड काढल्यावर हाच आकडा पुन्हा घ्यायचा आहे. दोन्हींतला फरक म्हणजे निव्वळ ब्रेकचं घासणं. पॅड काढूनही चाक जड असेल, घरघर येत असेल, तर तो बेअरिंगचा मामला आहे.

पडताळा: चाक आता मोकळं फिरतंय? मग पुढे जाऊ नका. मदतनिसाला पेडल चार-पाच वेळा जोरात दाबून सोडायला सांगा आणि पुन्हा फिरवून बघा. तरीही मोकळं असेल तर गाडी परत चालवून आणा. मोकळ्या चाकावर पुढची चाचणी करणं म्हणजे वेळ घालवणं.

५. निपलची चाचणी

निपलवर नळी चढवा, तिचं टोक बाटलीत सोडा, गॉगल लावा. तेल गरम असू शकतं. पेडलवर कोणाचाही पाय नको. रिंग पान्याने निपल पाव फेरा उघडा आणि लगेच चाक फिरवा.

चाक तत्क्षणी सुटलं आणि नळीत तेलाची चिळकांडी आली, तर दाब अडकला होता. कॅलिपरला दोष देऊ नका, टप्पा ६ वर जा. नुसतं थेंब-थेंब तेल आलं आणि चाक तसंच जड राहिलं, तर दाब नाही, काहीतरी जाम आहे. थेट टप्पा ७. निपल बंद करा.

दोन मिनिटांचं काम, पण गॅरेजमध्ये ते करताना क्वचितच दिसतं. मेकॅनिककडे गाडी देणार असाल तर एवढी एक गोष्ट तुमच्यासमोर करायला सांगा.

६. दाब अडकला असेल तर

पेडलकडून चाकाकडे या, उलट नाही. फुकटातल्या गोष्टी पेडलपाशी असतात.

आधी मॅट. पेडलच्या मागे सरकलेली जाड रबरी मॅट हे खरंखुरं कारण असू शकतं. मग इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, बूस्टरमधला व्हॅक्युम संपेल. आता बोटाने पेडल हलवा. ताण जाणवायच्या आधी काही मिलिमीटर मोकळी हालचाल हवीच. नसेल तर ब्रेक लाइटचा स्विच बघा. तो पुढे बसवला गेला असेल तर पेडल पूर्ण वर येऊच देत नाही. यामुळे दाब का अडकतो? पेडल पूर्ण सुटलं की मास्टर सिलिंडरमधलं एक बारीक छिद्र उघडतं आणि तेल टाकीत परत जातं. पेडल एवढंसं दाबलेलं राहिलं तरी ते छिद्र झाकलेलं राहतं. ब्रेक तापला की तेल फुगतं, त्याला परत जायला वाट नाही, दाब वाढतो, ब्रेक आणखी तापतो. थंड गाडी ठीक आणि गरम गाडी जाम, याचा उलगडा इथे होतो.

पेडल ठीक असेल तर, चाक जड असतानाच, मास्टर सिलिंडर बूस्टरला धरणारे दोन नट थोडे ढिले करा आणि सिलिंडर दोन-तीन मिलिमीटर पुढे घ्या. पाइप वाकू देऊ नका. चाक सुटलं तर पुशरॉड लांब आहे किंवा बूस्टर पूर्ण मागे येत नाही. बूस्टर किंवा मास्टर नुकताच बदलला असेल तर हा संशय सगळ्यांत आधी.

तरीही जड? मग मास्टरमधून त्या चाकाकडे निघणाऱ्या पाइपचा नट किंचित ढिला करायचा. सुटलं तर मास्टरच्या आत अडथळा आहे. नाही सुटलं तर लोखंडी पाइप आणि रबरी होज जिथे जुळतात तिथला नट. तिथेही नाही, फक्त निपलवरच सुटतं, तर दोषी होज. होज आतून सुजतो किंवा त्याचा पापुद्रा सुटतो. पायाचा दाब मोठा, म्हणून तेल चाकाकडे जातं. परतीला जोर कमी, म्हणून तिथेच अडकतं. बाहेरून होज नवा दिसू शकतो. त्याला धरणारी लोखंडी पट्टी गंजून फुगली आणि होजला आवळून बसली, असंही घडतं, विशेषतः किनारपट्टीच्या गाड्यांत.

या नटांसाठी फ्लेअर नटचा पाना (नटाला जवळजवळ चहूबाजूंनी धरणारा) लागतो. साध्या फिक्स पान्याने नटाचे कोपरे गोल होतात आणि पाइप बदलायची वेळ येते. तो पाना नसेल तर इथे थांबून काम मेकॅनिकला द्या, पण कुठवर आलात ते सांगून. आणि जोड ढिला केला म्हणजे शेवटी ब्लीडिंग (तेलात शिरलेली हवा काढणं) आलंच.

पडताळा: तेलाच्या टाकीचं झाकण उघडून आतलं रबर बघा. ते फुगून लोंबत असेल, परत नीट बसत नसेल, तर कोणीतरी ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल ओतलंय. असं तेल ब्रेकचं रबर फुगवतं. नुसतं तेल बदलून भागत नाही. मास्टर, कॅलिपर, मागचे सिलिंडर आणि होज, जिथे जिथे रबर आहे तिथे बदलावं लागतं. खर्च मोठा आहे, पण इथे काटकसर करू नका.

७. जाम असेल तर: पिना, पॅड, मग पिस्टन

खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचला, किंवा पूर्ण काढलात तर वाकवलेल्या तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा. होजवर लोंबकळू देऊ नका. एबीएस असेल तर सेन्सरची वायर ताणली जात नाही ना, बघा.

पॅड काढा, जडपणाचा दुसरा आकडा घ्या आणि दोन्ही पॅड शेजारी ठेवा. आतला पॅड जास्त झिजलेला असेल तर पिस्टन मागे येत नाही, असा पहिला संशय. बाहेरचा जास्त झिजलेला असेल तर पिना. एकच पॅड तिरका, पाचरीसारखा झिजलेला असेल तर एक पिन अडकली आहे किंवा पॅड ब्रॅकेटमध्ये (पॅड धरणाऱ्या चौकटीत) फसलाय.

पिना. दोन्ही पिना बोटांनी ओढून बघा. त्या बोटाच्या जोरावर सरकल्या पाहिजेत. पान्याने फिरवून निघत असतील तर कारण सापडलंच. बूट (पिनेवरचं रबरी आवरण) फाटला की पाणी आत जातं आणि पिन गंजते. भोकातलं जुनं ग्रीस काडीला गुंडाळलेल्या फडक्याने पूर्ण काढा, पिन पुसा. खड्डे पडलेली पिन घासून वापरू नका, नवी महाग नसते. काही गाड्यांत दोनपैकी एका पिनेच्या टोकाला रबरी बुश असतो. वरची-खालची अदलाबदल करू नका, काढतानाच फोटो घ्या.

ग्रीस फक्त कॅलिपर पिनसाठीचं. चेसिसचं पिवळं ग्रीस रबराला फुगवतं आणि महिन्याभरात पिन पहिल्यापेक्षा घट्ट होते. ‘ग्रीस मारून दिलंय, आता बघायला नको’ म्हणून सोडलेली गाडी पुन्हा जाम होण्यामागे बरेचदा हेच असतं. पातळ थर पुरे. पिन आत दाबा आणि सोडा. ती आपोआप बाहेर येत असेल तर ग्रीस जास्त झालंय किंवा आत हवा कोंडली आहे. बुटाची कड नखाने उचलून हवा बाहेर जाऊ द्या आणि पुन्हा दाबा. ढकलली तिथेच थांबली की ठीक.

पॅड. ब्रॅकेटमधल्या पातळ पत्र्याच्या क्लिप काढा. त्यांच्याखाली गंज साचतो, क्लिप वर उचलली जाते आणि पॅडचे कान तिथे आवळले जातात. पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत बहुधा हेच निघतं. वायर ब्रशने आणि कानशीने गंज काढा, मूळ लोखंड खाऊ नका. पॅड आता बोटाने सरकला पाहिजे. नवा पॅड घट्ट बसत असेल तर त्याच्या कानांवरचा रंग कानशीने उतरवा. हातोडीने ठोकून बसवलेला पॅड ब्रेक सोडल्यावर सरकणार कसा?

पॅडच्या घासणाऱ्या बाजूला पॉलिश पेपर मारून हा दोष जात नाही.

पिस्टन. शेवटी त्याची पाळी. आधी टाकीतलं तेल बघा. काठोकाठ असेल तर थोडं काढा, नाहीतर सांडेल आणि रंग उतरवेल. निपलवर नळी लावून उघडा, पिस्टनवर जुना पॅड ठेवा आणि सी-क्लॅम्पने हळू दाबा. निपल उघडा ठेवल्याने कॅलिपरमधलं मळकं तेल एबीएसच्या युनिटकडे ढकललं जात नाही. पिस्टन संथ, एकसारखा आत जायला हवा. अडखळत जात असेल, क्लॅम्पवर जोर काढावा लागत असेल, तर दुसऱ्या बाजूचा पिस्टन असाच दाबून तुलना करा.

मग निपल बंद करून, समोर लाकडाचा तुकडा ठेवून, मदतनिसाला पेडल अगदी हळू दाबायला लावा. पिस्टन थोडाच बाहेर येऊ द्या. धुळीचा बूट उचलून कडेची चकाकी बघा. गंजाचे ठिपके असतील तर पिस्टन बदला. पॉलिश पेपर मारलात तर वरचा मुलामा जातो आणि गंज आणखी लवकर येतो. फक्त सील कडक झालं असेल तर सील किट पुरतं. सीलला ताजं ब्रेक ऑइल किंवा किटमधलं ग्रीस लावूनच बसवा. सिलिंडरच्या आत खड्डे असतील तर कॅलिपरच बदला.

सावधान: कॉम्प्रेसरच्या हवेने पिस्टन उडवून काढतात, समोर बोटं असतील तर ती चेंगरतात. पेडलच्याच दाबाने काढा.

८. डिस्क

घासण्याचा आवाज चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदाच येत असेल तर डिस्क डुगडुगते आहे. बरेचदा डिस्क वाकलेली नसते, तिच्या आणि हबच्या मध्ये गंजाचा पापुद्रा असतो. डिस्क काढून दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करा, मगच डायल गेज (डुगडुग मोजणारं साधन) लावा. मर्यादा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते, ती ०.१ मिमीच्या आसपास किंवा त्याहून कमी. कमीत कमी जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते. जुन्या डिस्कच्या कडेला गंजाचा काठ उभा राहिला असेल तर नवा पॅड त्यावर टेकतो. तो काठ काढा.

९. जोडणी

होजला पीळ पडू देऊ नका. त्यावर लांबीभर रेघ छापलेली असेल तर ती सरळ दिसली पाहिजे, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही बघा. झिजल्यावर आवाज करणारी पट्टी असलेला पॅड मूळच्याच जागी. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला.

एखादा जोड उघडला असेल तर ब्लीडिंग: पेडल दाबून धरा, निपल उघडा, निपल बंद करा, मग पाय काढा. हा क्रम चुकला की हवा आत गेलीच. टाकी रिकामी होऊ देऊ नका. कधीतरी उघडून ठेवलेल्या डब्यातलं तेल वापरू नका, ते हवेतला ओलावा शोषतं आणि कमी तापमानाला उकळतं.

सावधान: पिस्टन मागे ढकलल्यावर पेडलचा पहिला दाब पोकळ जातो. गाडी सुरू करण्याआधी, जागेवरच, पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. सोसायटीच्या गेटला किंवा समोरच्या गाडीला धडक बसते ती हे विसरल्यामुळेच.

१०. तोच रस्ता, तेच माप

टप्पा ३ चाच रस्ता, तोच वेग, त्याच जागी मोजलेलं तापमान. नवे पॅड असतील तर आधी मध्यम वेगावरून काही वेळा हलके ब्रेक मारून ते बसू द्या. नाहीतर सुरुवातीची घासट आणि उष्णता बघून उगाच घाबराल. मग चाक उचलून काट्यावरचा आकडा घ्या आणि आधीच्या आकड्याशेजारी लिहा.

पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा मापा. डाव्या-उजव्यातला फरक परत वाढला असेल तर पॅड काढू नका. चाक गरम असतानाच उचला आणि टप्पा ५ वर या.